वजन आणि हिसका : प्रस्तरारोहणाच्या साधनांविषयीचे दिशाभूल करणारे सल्ले – बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत झेप घेते. कपिलधारचा धबधबा आणि धारूरचा किल्ला ही ठिकाणेही पावसाळ्यात व हिवाळ्यात महाविद्यालयीन तरुणांना खुणावतात. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना आणि क्रीडा विभाग यांच्या शिबिरांत कड्यावरून दोराने उतरणे, दरी ओलांडणे अशा उपक्रमांची मागणी विद्यार्थ्यांकडूनच होत असते.

सह्याद्रीत नागफणी, तैलबैल, लिंगाणा अशा कड्यांभोवती प्रस्तरारोहणाची परंपरा काही पिढ्यांत घडत गेली. तेथे नवखा आरोहक अनुभवी व्यक्तीच्या शेजारी उभा राहून दोर हाताळायला शिकतो. बालाघाटच्या परिसरात अशी परंपरा विरळ आहे. त्यामुळे साधनांची माहिती बहुधा ऐकीव गोष्टींतून, विक्रेत्याच्या शब्दांतून किंवा संगणक व मोबाइलच्या पडद्यावरून येते. यातील सर्वच माहिती चुकीची नसते. पण चुकीची माहिती बरोबर माहितीइतक्याच आत्मविश्वासाने मांडलेली असते. एखादा आकडा, एखादे चिन्ह, एखादे छायाचित्र सोबत असले की ती शास्त्रीय भासते.

अशा सल्ल्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच गल्लत असते. ती म्हणजे 'वजन' आणि 'हिसका' या दोन गोष्टी एकच मानणे. ही गल्लत स्पष्ट करणे, ती दोर, कॅराबिनर, स्लिंग आणि अँकर यांच्या बाबतीत कोणत्या रूपात भेटते ते दाखवणे आणि महाविद्यालयीन खरेदी व देखभालीच्या दृष्टीने तिचा अर्थ सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोटेचा नाडा : परिचित दोराचे ज्ञान

मराठवाड्यातील शेतकऱ्याला दोराची पारख नव्याने शिकवण्याची गरज नाही. मोटेच्या काळात नाडा आणि सोंदूर हे दोन वेगळ्या जाडीचे, वेगळ्या कामाचे दोर होते. अंबाडी, ताग, घायपात यांच्या धाग्यांत कोणता दोर पाण्यात टिकतो, कोणता उन्हात कडक होतो, हे अनुभवाने ठाऊक असे. विहीर खोदताना दगड वर काढणाऱ्या यारीचा तारदोरही असाच परिचयाचा आहे.

परंतु या सर्व दोरांवर येणारा भार सावकाश येतो. मोट भरते, बैल चालू लागतात, नाडा ताणला जातो. भार किती हे आधीच माहीत असते आणि तो अचानक बदलत नाही. म्हणून 'हा दोर किती वजन उचलतो?' हा प्रश्न तेथे योग्य आहे. प्रस्तरारोहणात मात्र दोराची खरी परीक्षा माणूस लटकत असताना होत नाही. तो पडत असताना होते. तेथे 'हा दोर पडणाऱ्या माणसाला किती हळुवार थांबवतो?' असे विचारावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देणे, हीच दिशाभुलीची सुरुवात होय.

हिसक्याचे गणित

८० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती २ मीटर खाली पडली आणि त्यानंतर दोराने तिला १ मीटर ताणत जाऊन थांबवले, असे समजू. ऊर्जेच्या साध्या गणिताने दोरावरील सरासरी बल सुमारे २.४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २४० किलोग्रॅम वजनाइतके येते. तीच व्यक्ती तेवढीच पडली, पण दोर केवळ १० सेंटिमीटर ताणला गेला, तर सरासरी बल सुमारे १६.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १,६८० किलोग्रॅम वजनाइतके होते. हे बल सरासरी आहे. त्याचा उच्चांक याहून अधिक असतो. व्यक्ती तीच आणि उंची तीच असताना बल सातपट झाले. फरक फक्त दोराच्या ताणाचा आहे.

यावरून एक वरवर विपरीत वाटणारी गोष्ट लक्षात येते. ताणला न जाणारा भक्कम दोर पडणाऱ्या आरोहकाचा शत्रू ठरू शकतो. दोर तुटला नाही तरी त्याच्या हिसक्याने शरीराला गंभीर इजा होऊ शकते किंवा ज्या आधाराला दोर बांधला आहे तो उखडू शकतो.

पडण्याची तीव्रता मोजण्यासाठी 'फॉल फॅक्टर' ही संकल्पना वापरली जाते. पडण्याचे अंतर भागिले वापरात असलेल्या दोराची लांबी, असे हे गुणोत्तर आहे. १० मीटर दोर बाहेर असताना २ मीटर पडल्यास ते ०.२ येते, १ मीटर दोर असताना २ मीटर पडल्यास ते २ येते. नेहमीच्या आरोहणात २ ही त्याची कमाल मर्यादा आहे. म्हणजे 'थोडेसेच पडणार, काय होणार?' हा सल्ला अंतर पाहतो, पण दोराची लांबी विसरतो. आखूड दोरावरील छोटे पडणे हे लांब दोरावरील तेवढ्याच पडण्यापेक्षा कितीतरी कठोर असते.

दोर : जात पाहावी, जाडी नव्हे

१४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखरावरील पहिल्या यशस्वी चढाईनंतर उतरताना दोर तुटून सात जणांपैकी चार जण मृत्युमुखी पडले. त्या चमूजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि तुटलेला दोर त्यांपैकी सर्वांत कमकुवत होता. अधिक मजबूत दोर सोबत असूनही तो त्या जागी वापरला गेला नव्हता. योग्य साधन जवळ असणे आणि ते योग्य जागी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

१९५३ मध्ये जर्मनीत आतील गाभा आणि बाहेरील विणलेले आवरण अशी रचना असलेला कर्नमँटल दोर तयार झाला. पुढे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने दोरांसाठी मानके निश्चित केली. आज युरोपीय मानकांनुसार दोन मुख्य जाती आहेत. ईएन ८९२ हे मानक डायनॅमिक, म्हणजे हिसका शोषणाऱ्या दोरांसाठी आहे. त्यातील एकेरी दोराच्या चाचणीत ८० किलोग्रॅमचे वजन कठोर पद्धतीने पाडले जाते. पहिल्या पडण्यात कमाल बल १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त येता कामा नये आणि दोराने अशी किमान ५ पडणी सोसली पाहिजेत. ईएन १८९१ हे मानक कमी ताणल्या जाणाऱ्या, व्यवहारात 'स्टॅटिक' म्हटल्या जाणाऱ्या दोरांसाठी आहे. त्यातील 'ए' प्रकारच्या दोराची स्थिर भार पेलण्याची क्षमता किमान २२ किलोन्यूटन असावी लागते.

येथे दोन परस्परविरोधी सल्ले आढळतात आणि दोन्ही अर्धवट असतात. पहिला सल्ला असा की, 'स्टॅटिक दोर २२ किलोन्यूटन पेलतो, म्हणजे तो कशालाही चालेल.' खालून वर चढत जाणाऱ्या आरोहकाला असा दोर देणे धोक्याचे आहे, कारण तो हिसका पुरेसा शोषत नाही. दुसरा सल्ला असा की, 'डायनॅमिक दोर सर्वांत सुरक्षित, म्हणून तोच सगळीकडे वापरावा.' कड्यावरून उतरताना मात्र ताणला जाणारा दोर वरखाली हेलकावतो आणि कड्याच्या धारेवर पुन्हा पुन्हा घासला जातो. तेथे ईएन १८९१ चा दोरच योग्य आहे. बीड परिसरातील शिबिरांत चढाईपेक्षा दोराने उतरणेच अधिक सोपे पडत असल्याने हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

या दोन्ही जातींत न बसणारा तिसरा दोर म्हणजे कृषी साहित्याच्या दुकानातील रंगीत दोर. 'नायलॉनचा दोर' या नावाने मिळणारा पुष्कळसा दोर प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचा असतो. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होते. उतरणीच्या घर्षणात ही बाब घातक ठरू शकते. एक साधा प्रयोग वर्गातही करता येतो. दोराचा लहान तुकडा बादलीतील पाण्यात टाकावा व दाबून त्यातील हवा काढावी. नायलॉन पाण्याहून जड असल्याने बुडते. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिइथिलीन तरंगतात. तरंगणारा दोर या कामासाठी तत्काळ बाद करावा. मात्र बुडणारा प्रत्येक दोर योग्य असतो, असा उलट निष्कर्ष काढू नये.

कॅराबिनर आणि स्लिंग : खरा आकडा, अपुरा अर्थ

कॅराबिनरवर कोरलेला २० किंवा २२ किलोन्यूटनचा आकडा खोटा नसतो. तो एका विशिष्ट स्थितीतील असतो: भार लांबीच्या दिशेने आणि दार बंद. ईएन १२२७५ या मानकानुसार सर्वसाधारण कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन पेलतो, परंतु आडव्या दिशेने किमान ७ आणि दार उघडे असताना सुमारे तेवढेच किंवा थोडे कमी. म्हणजे कॅराबिनर फिरून आडवा झाला किंवा दगडाला टेकून त्याचे दार उघडले, तर क्षमता एक-तृतीयांशावर येते. 'दोन टन पेलणारा हुक' हे वर्णन या तीन आकड्यांपैकी एकच सांगते.

स्लिंगच्या बाबतीत डायनिमा या धाग्याची स्तुती नेहमी ऐकू येते. तो हलका आणि वजनाच्या मानाने अतिशय मजबूत असतो, हे खरे आहे. मात्र तो जवळजवळ ताणला जात नाही आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. एखादी व्यक्ती ६० सेंटिमीटरच्या स्लिंगने आधाराला जोडलेली असताना आधाराच्या वर चढली आणि घसरली, तर १.२ मीटरचे ते पडणे फॉल फॅक्टर २ चे होते आणि हिसका शोषण्यास दोरच मध्ये नसतो. अशा स्थितीत गाठ मारलेली डायनिमा स्लिंग तुटल्याचे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहे. 'आधाराला जोडलेले आहे, म्हणजे सुरक्षित आहे' हा समज म्हणून अपुरा आहे. जोडणी सैल पडू न देणे आणि आधाराच्या वर न जाणे, हे त्या साधनाच्या वापराचेच अंग आहे.

साधनांचे सुटे भाग निर्दोष असूनही जोडणी चुकल्यास काय होते, याचे विदारक उदाहरण २०१३ मध्ये फ्रान्समधील ओर्पिएर येथे घडले. तेथे १२ वर्षांच्या एका इटालियन आरोहकाच्या पडण्यात त्याची काही क्विकड्रॉ निकामी ठरली आणि त्याचा मृत्यू झाला. स्लिंग कॅराबिनरमध्ये ओवण्याऐवजी केवळ ती जागेवर धरून ठेवणाऱ्या रबरी कडीतून जोडली गेली होती. कॅराबिनर मजबूत होता, स्लिंगही मजबूत होती. भार मात्र रबरावर आला. एखादे साधन 'असे जोडा' म्हणून चित्रात दाखवले जाते तेव्हा भार कोणत्या भागावरून कोणत्या भागाकडे जातो, हे बोट ठेवून तपासणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

अँकर : बालाघाटचा खडक आणि कोनाचा प्रश्न

अँकरविषयीचे सल्ले बहुधा दुसऱ्याच प्रदेशातील खडक गृहीत धरून दिलेले असतात. ग्रॅनाइटच्या अखंड कड्यावर जे चालते ते दख्खनच्या बेसॉल्टवर चालेलच असे नाही. बालाघाटचा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. विहीर खोदणारा कारागीर ज्यांना काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम आणि गेरू म्हणतो, ते थर कड्यातही एकाआड एक दिसतात. वरून घट्ट दिसणाऱ्या शिळेखाली झिजलेला मुरूम असू शकतो. बोल्टवर छापलेली क्षमता घट्ट, एकसंध माध्यमातील चाचणीची असते. मुरमाच्या थराला ती लागू होत नाही. पावसाळी ओलाव्यात गंजलेला जुना बोल्ट 'पूर्वी कोणीतरी वापरला होता' म्हणून विश्वासार्ह ठरत नाही. कड्याच्या कडेवरील झाड हिरवे दिसले तरी त्याची मुळे उथळ मातीत असू शकतात.

'दोन आधार घेतले की प्रत्येकावर निम्मा भार येतो' हाही असाच एक अर्धसत्य सल्ला आहे. दोन आधारांकडे जाणाऱ्या स्लिंगमधील कोन लहान असेल तरच हे जवळपास खरे असते. कोन ६० अंश असताना प्रत्येक आधारावर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के, ९० अंशांना सुमारे ७१ टक्के आणि १२० अंशांना पूर्ण १०० टक्के भार येतो. १५० अंशांना तर प्रत्येक आधारावर मूळ भाराच्या जवळजवळ दुप्पट ताण पडतो. म्हणून कोन ६० अंशांच्या आत ठेवावा, असे शिकवले जाते. दरी ओलांडण्याच्या उपक्रमात दोर जितका ताठ बांधावा तितका 'पक्का' वाटतो. वस्तुतः हा कोन तेवढाच वाढतो आणि एका विद्यार्थ्याच्या वजनाने दोन्ही टोकांवर कित्येक पट ताण येतो. येथे हिसका नसतानाही आकडा फसवतो, कारण माणसाचे वजन आणि आधारावरील ताण एकच मानले जातात.

अति सावधगिरीचे सल्ले

दिशाभूल नेहमी धाडसाच्या बाजूनेच होते असे नाही. 'कॅराबिनर एकदा हातातून पडला की त्यात न दिसणाऱ्या भेगा पडतात, तो फेकून द्यावा' हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. पडलेल्या कॅराबिनरांच्या चाचण्यांत क्षमतेत लक्षणीय घट सहसा आढळलेली नाही. खोल खोच, वाकलेले अंग किंवा नीट न मिटणारे दार असल्यास तो बाद करणे योग्यच; पण कमरेच्या उंचीवरून पडला एवढ्यावरून नव्हे.

याउलट जो धोका खरोखर डोळ्यांना दिसत नाही, त्याची चर्चा क्वचित होते. बॅटरीतील गंधकाम्ल नायलॉनचा नाश करते आणि दोर बाहेरून जवळपास पूर्ववत दिसू शकतो. शिबिराचे साहित्य जीपच्या मागील भागात जुन्या बॅटरीशेजारी ठेवणे किंवा सुटीत दोर इन्व्हर्टरच्या खोलीत टांगणे, या नित्याच्या गोष्टी आहेत. भिजलेला नायलॉन दोर कोरड्या दोरापेक्षा कमी हिसके सोसतो, हेही धबधब्याजवळील उपक्रमांत ध्यानात ठेवावे लागते. दोर प्रत्यक्ष वापरला नाही तरी त्याचे वय वाढतच असते. उत्पादक वस्त्रजन्य साधनांना सामान्यतः निर्मितीपासून जास्तीत जास्त १० वर्षांची मर्यादा सांगतात. नियमित वापरात ती पुष्कळच कमी होते.

महाविद्यालयीन व्यवहाराच्या दृष्टीने

प्राध्यापकांचा या विषयाशी संबंध कड्यावर येण्यापूर्वीच, खरेदीच्या कागदावर येतो. 'नायलॉन दोर, १० मि.मी., ५० मीटर' अशी मागणी नोंदवली, तीन दरपत्रके मागवली आणि नियमाप्रमाणे सर्वांत कमी दर स्वीकारला, तर प्रक्रिया निर्दोष राहूनही चुकीचा दोर कार्यालयात येऊ शकतो. कारण तरंगणारा स्वस्त दोरही त्या वर्णनात सहज बसतो. दोष येथे खरेदीदाराच्या हेतूत नसून वर्णनात आहे. म्हणून मागणीपत्रातच वापराचा हेतू, मानकाचा क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष नमूद करणे आवश्यक आहे. 'सीई' हे चिन्हही तपशिलाने पाहावे लागते. जीवरक्षक साधनांवर या चिन्हासोबत चाचणी व गुणवत्ता तपासणीशी संबंधित संस्थेचा चार अंकी क्रमांक असतो. नुसती दोन अक्षरे असणे पुरेसे नाही.

दुसरा प्रश्न जडवस्तू नोंदवहीचा आहे. दोर त्या नोंदवहीत टेबल-खुर्चीच्या शेजारी नोंदला जातो आणि दिसायला चांगला आहे तोवर त्याचे निर्लेखन करण्यास संकोच वाटतो. वस्तुतः दोर ही झिजणारी वस्तू आहे. प्रत्येक दोराचा स्वतंत्र इतिहास ठेवावा: कधी घेतला, किती दिवस वापरला, कोणते मोठे हिसके बसले, कोठे साठवला. ज्या दोराचा इतिहास माहीत नाही, तो कितीही नवा दिसला तरी जिवासाठी वापरू नये. निर्लेखनानंतर त्याचे तुकडे करावेत, जेणेकरून तो पुन्हा शिबिरात येणार नाही.

तिसरा प्रश्न अधिकाराचा आहे. दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनीअरिंग १९६५ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांतून रीतसर प्रशिक्षण घेतलेले अनुभवी लोक महाराष्ट्रात आहेत. राज्य शासनाच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्थाही केली. साधनांच्या याद्या कोठूनही मिळतील. कड्यापाशी उभे राहून 'आज हा अँकर नको' असे म्हणण्याचा अधिकार मात्र प्रशिक्षित व्यक्तीलाच असावा आणि तो महाविद्यालयाने आधीच लेखी मान्य केलेला असावा.

समारोप

साधनांविषयीचा कोणताही सल्ला समोर आला की तीन प्रश्न विचारता येतात. सांगितलेला आकडा वजनाचा आहे की हिसक्याचा? तो कोणत्या स्थितीतील, कोणत्या मानकाचा आहे? आणि प्रत्यक्ष समोर असलेल्या दोराला, खडकाला व जोडणीला तो लागू पडतो काय? या तीनही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सल्ला कितीही पटणारा वाटला तरी त्यावर विद्यार्थ्याचा जीव सोपवता येत नाही.

शिबिराला येणारा विद्यार्थी हे प्रश्न विचारणार नाही. महाविद्यालयाच्या शिक्क्याने आलेल्या दोरावर तो निःशंकपणे भार टाकतो, कारण तो दोर कोणीतरी पारखून घेतला आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. त्याचे हे गृहीतक खरे ठरवण्याचे काम कड्यावर नव्हे, तर मागणीपत्र लिहिणाऱ्याच्या टेबलावर सुरू होते.